वहिनीचा गाडा मागे घेताना

मुंबईत कोणी एकट्याने गाडी मागे घेत नाही. तुम्ही रिव्हर्स टाकायचा अवकाश, कुठून कुठून माणसं उगवतात. वॉचमन, इस्त्रीवाला, केळेवाली, दूध आणायला निघालेले आजोबा. सगळ्यांचे हात वर. ‘येऊ दे, येऊ दे, राइट मार, अजून मार, बस्स बस्स!’ आणि शेवटी डिकीवर दोन थापा. त्यांच्यातल्या निम्म्यांना सायकलसुद्धा चालवता येत नसते, पण गाडी मागे घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडणं त्यांच्या रक्तातच नाही. मला हे फार आवडतं. म्हणजे, आवडायचं. मागच्या डिसेंबरमधल्या एका शनिवारी ह्याच प्रेमळ लोकांनी माझ्या वहिनीच्या तीन वर्षांच्या धडपडीवर पाणी फिरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मालवणकडची. लग्न होऊन भांडुपला आमच्या घरी आली त्याला बावीस वर्षं झाली. त्यातली पंधरा वर्षं ती विक्रोळीच्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतेय. तिथे रोज तेच, पनीरची भाजी आणि पिवळी डाळ. ज्या बाईच्या हातच्या भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपाचा वास आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना जेवायच्या आधीच भूक लावतो, तिने पंधरा वर्षं पनीरचे चौकोन कापले. माझा तर ह्या विचारानेच संताप होतो. ती मात्र कधी बोलली नाही. फक्त दर वर्षी मुलुंडच्या मैदानावर मालवणी जत्रोत्सव भरायची वेळ आली, की स्टॉलसाठी अर्ज भरायची. आणि दर वर्षी वेटिंगवर राहायची.

तिसऱ्या वर्षी फोन आला. कोणीतरी माघार घेतली होती. एक जागा होती, शेवटची, मैदानाच्या पार कोपऱ्यात भिंतीला लागून. कोणालाच नको होती म्हणून उरलेली. वहिनी फोनवर ‘हो, हो, चालेल’ असं चार वेळा म्हणाली आणि फोन ठेवल्या ठेवल्या माळ्यावरच्या मोठ्या टोपाकडे बघू लागली. अट एकच होती. उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत स्टॉल जागेवर लागला पाहिजे. पाचनंतर आतल्या गल्लीत वाहन सोडणार नाहीत, आणि जागा रिकामी दिसली तर वेटिंगवरच्या पुढच्या माणसाला देऊन टाकणार.

स्टॉल म्हणजे आमचा गाडा. भांडुपच्याच एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला दोन चाकांचा ट्रेलर. एका बाजूला वर उघडणारी मोठी खिडकी, आत गॅस, पाण्याची टाकी आणि ग्रॅनाइटचा ओटा. ग्रॅनाइट नको, पत्रा घाल, वजन होईल, असं वर्कशॉपवाल्याने दहा वेळा सांगितलं. पण वहिनी हटून बसली. ‘ओट्याशिवाय कसलो स्वयंपाक?’ झालं. गाडा असा जड झाला की चार माणसांना ढकलून हलेना. तो दादाच्या जुन्या जीपला मागे अडकवायचा आणि ओढत न्यायचा, असं ठरलं.

दादा हा आमच्या घरचा ड्रायव्हर. आयुष्य गाड्या चालवण्यात गेलं त्याचं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण जत्रेला तीन आठवडे असताना तो माळ्यावरचा मोठा टोप काढायला स्टुलावर चढला आणि टोपासकट खाली आला. टोपाला पोचासुद्धा आला नाही. दादाचा उजवा हात मात्र प्लास्टरमध्ये गेला.

मग उरले मी. मी शाळेत गणित शिकवते, पन्नाशीची आहे, आणि गेली वीस वर्षं स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवते. मी म्हटलं, मी नेते गाडा. दादा हसला. मला कोणी असं हसलं की माझं डोकं फिरतं, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

‘तुला नाय जमायचं गं,’ तो म्हणाला. ‘सरळ नेशील. पण आत उलटा घालावा लागणार. जीप पुढे राहिली पाहिजे ना बाहेर यायला? ट्रेलर रिव्हर्स म्हणजे तुझी टिकलीएवढी गाडी नव्हे.’

‘तू केलायस कधी?’

‘मी सगळं चालवलंय.’

‘ट्रेलर रिव्हर्स केलायस का, ते विचारतेय.’

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे केला नव्हता.

रविवारी सकाळी मी जीपला गाडा लावला, वहिनीला शेजारी बसवलं आणि आरे कॉलनी गाठली. तबेल्यांच्या मागे एक मोकळी जागा आहे, तिथे गवताच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मी आदल्या रात्री कागदावर सगळं काढून ठेवलं होतं. जीप एक आयत, गाडा दुसरा आयत, मध्ये एक बिंदू, कोन अमुक. आकृती इतकी सुरेख झाली होती की वर्गात फळ्यावर काढली असती. प्रत्यक्षात मी रिव्हर्स टाकला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडा आरामात डावीकडे निघाला. डावीकडे फिरवलं, तर उजवीकडे. घाईघाईने सावरायला गेले, तर जीप आणि गाडा कोपरातून हात मुडपावा तसे मुडपून एकमेकांना टेकले. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मी कागदाचा बोळा करून फेकला, मग आरेत कचरा नको म्हणून उतरून उचलला. तेव्हा ती आणखी हसली.

पाऊण तास असाच गेला. शेवटी ट्रॅक्टरवर बसून चहा पिणारे एक चाचा खाली उतरले. साठीचे असतील. तबेल्यांना गवत पोचवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. म्हणजे रोज दहा-पंधरा वेळा ट्रॉली उलटी घालायची, तीही दोन्ही बाजूंना म्हशी बांधलेल्या असताना.

‘हाथ ऊपर से हटाओ, बाई,’ ते म्हणाले. ‘स्टेरिंग नीचे से पकडो. अब पूँछ को जिधर भेजना है, हाथ उधर ले जाव. बस.’

मी स्टिअरिंग खालून धरलं. हात उजवीकडे नेला. गाड्याची शेपूट उजवीकडे! हात डावीकडे, शेपूट डावीकडे! मी किंचाळलेच. आयत, बिंदू, कोन सगळं बरोबर होतं, फक्त माझा हात चुकीच्या जागी होता.

‘और धीरे,’ चाचा म्हणाले. ‘धीरे गलत होगा तो सुधरेगा. बिगड गया तो आगे लेके फिर से. आगे लेने में शरम नहीं.’

अकरा वाजेपर्यंत मी गाडा दोन ट्रॉल्यांच्या मध्ये असा अलगद घातला की मलाच विश्वास बसेना. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडले. तबेल्यातल्या दोन-तीन म्हशींनी मान वळवून बघितलं. वहिनी म्हणाली, ‘वन्सं, आता घराक चला, माका माशे साफ करूचे आसत.’ एरवी ती मला नावाने हाक मारते. ‘वन्सं’ म्हणाली की समजायचं, स्वारी खूश आहे.

शनिवारी पावणेचारला आम्ही मैदानाच्या गेटवर पोचलो. भांडुपहून मुलुंड काही लांब नाही, पण एलबीएस रोडवर मागे एक खोली ओढत चालल्यासारखं वाटत होतं आणि प्रत्येक सिग्नलला मला घाम फुटत होता. जीपमध्ये आम्ही तिघं. दादा पुढे, गळ्यात अडकवलेलं प्लास्टर सांभाळत. वहिनी मागे, मांडीवर वाटपाचा मोठा डबा घेऊन. वाटप गाड्यातच ठेव, म्हटलं तर नको म्हणाली. सांडलं तर? पहाटे चारला उठून वाटलं होतं तिने ते.

आत गेलो. दोन्ही बाजूंना स्टॉल लागलेले, मध्ये अरुंद गल्ली. गल्लीच्या टोकाला, जीप उलटी नेताना माझ्या उजव्या हाताला वळून, भिंतीलगत आमची जागा. गाड्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरेल इतकीच. तिच्या तोंडाशी मांडवाचा बांबू रोवलेला, त्याच्यावर अख्ख्या रांगेचं कापड ताणलेलं. बरोबर समोर, म्हणजे उलटं जाताना माझ्या डाव्या हाताला, एक मावशी कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांचा मनोरा रचत होत्या. काचेच्या बाटल्या.

गेटजवळ एक काका शिट्टी आणि यादी घेऊन फिरत होते. त्यांच्याशेजारी एक माणूस पॉपकॉर्नचं मशीन आणि घडीचं टेबल घेऊन शांत उभा होता. मी विचारलं, हे कोण? काका म्हणाले, ‘वेटिंगवरचे पहिले.’ त्या माणसाने मला नमस्कार केला. चांगला माणूस होता. म्हणूनच मला तो बघवेना.

गल्लीच्या तोंडाशी येऊन मी जीप वळवून सरळ केली आणि रिव्हर्स टाकला. गाड्याची शेपूट हळूहळू गल्लीत शिरली. छान चाललं होतं. टोकाला जाऊन आता उजवीकडे वळवायचं, तोवर माणसं जमली. स्टॉलवाले, मांडववाले, लाइटवाले, सहज फिरायला आलेले. वीसेक हात वर गेले. आणि सगळ्यांत पुढे, अगदी गाड्याच्या मागे, डावा हात उंच करून माझा दादा.

‘राइट मार!’ तो ओरडला. ‘राइट, राइट, पूर्ण राइट!’

वीस गळे त्याला सामील झाले. ‘राइट! राइट!’

मला कळत होतं की हे चूक आहे. ह्या सगळ्यांना साधी गाडी माहीत होती, शेपूट असलेली नव्हे. पण दादा मागे उभा आहे, तो सांगतोय आणि आपण करतोय, ही माझी लहानपणापासूनची सवय. सायकल त्यानेच शिकवली, गाडीही त्यानेच. हात आपोआप वर सरकला, डोक्याने काही म्हणायच्या आत स्टिअरिंग उजवीकडे फिरलं, आणि गाडा डावीकडे, थेट बाटल्यांवर निघाला.

मावशींनी जी किंकाळी फोडली! त्या मनोऱ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभ्या राहिल्या. मी ब्रेक दाबला. अंतर दोन बोटं.

‘अगं राइट म्हटलं ना मी!’

‘राइटच मारलं!’

‘मग अजून मार!’

मी पुढे घेतली, पुन्हा मागे. आता विसातले दहा लेफ्ट म्हणत होते, दहा राइट. कोणीतरी पत्र्यावर थापा मारत होतं, का ते त्यालाच ठाऊक. तिसऱ्या वेळी जीप आणि गाडा पुन्हा कोपरासारखे मुडपले आणि गाड्याचा कोपरा बांबूपासून वीतभरावर थांबला. वरचं कापड हललं. अख्खी रांग ‘ए ए ए!’ करून ओरडली.

‘सोडा जीप, ढकलू या,’ मांडववाले म्हणाले. हुक काढला. आठजण लागले. गाड्याच्या पुढच्या टोकाला आधाराचं एक छोटं चाक असतं, ते लाल मातीत रुतलं आणि वाकडं झालं. ग्रॅनाइटचा ओटा हलायला तयार नाही. कसाबसा उचलून पुन्हा हुकात अडकवला. काकांनी घड्याळ बघितलं. चार पस्तीस.

‘ताई, मी काय करू सांगा,’ ते म्हणाले. ‘पाचला गल्ली बंद. मला वरून ऑर्डर आहे.’

पॉपकॉर्नवाल्याने टेबल उचलून दुसऱ्या हातात घेतलं. एवढंच केलं त्याने.

वहिनी खिडकीशी आली. डबा अजून हातात. चेहरा असा की काहीच दिसू नये. म्हणाली, ‘रवांदे गो. घराक जाऊया. फुडल्या वर्षी बघू.’ राहू दे म्हणत होती, आणि माझी समजूत काढत होती! पंधरा वर्षं पनीर कापणारी, तीन वर्षं वेटिंगवर बसलेली बाई, पहाटे चारला वाटलेलं वाटप हातात धरून, मला म्हणत होती की मी वाईट वाटून घेऊ नये.

मग माझं डोकं फिरलं. दार उघडून मी जीपच्या पायरीवर उभी राहिले आणि माझा शाळेतला आवाज काढला. तीस वर्षं नववीच्या पोरांवर चालवलेला आवाज आहे तो. त्याला माइक लागत नाही.

‘सगळ्यांनी हात खाली! एकदम खाली! चार पावलं मागे! बोलायचं नाही!’

गल्ली चिडीचूप. मांडववाले मागे सरकले. काकांच्या तोंडातली शिट्टी बाहेर आली. फक्त दादाचा हात अजून वर होता.

‘तूसुद्धा, दादा. हात खाली.’

‘अगं पण...’

‘खाली!’

त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. एकच तर हात होता बिचाऱ्याचा, तोही खाली आला.

‘वहिनी, डबा दादाकडे दे. आणि तू मागे जाऊन उभी राहा. मला आरशात दिसशील अशी.’

‘मी?’ ती घाबरली. ‘माका गाडीतला काय्येक कळणा नाय.’

‘म्हणूनच! स्टिअरिंगचं नाव काढायचं नाही. गाड्याची शेपूट कुठे न्यायची, तेवढं सांगायचं. घरात कपाट सरकवताना सांगतेस ना, तसं.’

तिने डबा दादाच्या हातात ठेवला, पदर खोचला आणि मागे जाऊन उभी राहिली.

मी जीप पहिल्यापासून पुढे घेतली. पार गल्लीच्या तोंडापर्यंत. लोक हळहळले. त्यांना वाटलं, बाईंनी हात टेकले. पाऊण गल्ली जिंकलेली सोडून कोण पुढे जातं? मी गेले. सगळं सरळ केलं, हात स्टिअरिंगच्या खाली आणले, आणि चालू लागले मागे. मुंगीच्या पावलांनी.

आरशात वहिनी. उजवा तळहात उघडा. ‘ये, ये, ये. असाच ये.’ मग टोकाला आल्यावर तिने हात आपल्याकडे ओढला. ‘शेपटी हय हाड. माझ्याकडे. आणखी हाड.’ मी हात तिच्या दिशेला नेला. शेपूट तिच्याकडे वळली! ‘थोडी थय. बांबू इलो, बांबू! थय, थय!’ हात तिकडे. शेपूट तिकडे. तिला माझं स्टिअरिंग दिसत नव्हतं आणि मला बांबू दिसत नव्हता, तरी आम्ही दोघी मिळून तो गाडा असा फिरवत होतो की माझ्या अंगावर काटा आला. मला ओरडावंसं वाटत होतं, हसावंसं वाटत होतं, आणि श्वाससुद्धा धड घ्यायचा नव्हता. मग बांबू आरशात आला आणि इतक्या सावकाश सरकला की त्यावरची सुतळीची गाठ मी नीट बघून घेतली. एकदा थोडं चुकलं, दोन हात पुढे घेतलं, पुन्हा मागे. कोणी हळहळलं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही.

‘आणखी. आणखी. रव!’

मी थांबले. उजवीकडे वीतभर, डावीकडे वीतभर, मागे भिंत.

मैदानात जो गलका झाला! शिट्ट्या, टाळ्या, बाटल्यांवाल्या मावशी तर नाचल्याच. काकांनी यादीत खूण केली आणि घड्याळ मला दाखवलं. चार चोपन्न. पॉपकॉर्नवाला टेबल काखेत मारून वहिनीजवळ गेला, ‘बेस्ट लक, ताई’ म्हणाला आणि गेटकडे वळला. मी जीपमध्येच बसून राहिले, हात अजून स्टिअरिंगच्या खाली. मी एकटीच दात काढून हसत होते.

हुक सोडवून जीप बाहेर लावून मी परत येईपर्यंत वहिनीने गॅस पेटवला होता. खिडकी वर उचलली गेली आणि ती दिसली, जमिनीपासून दोन हात उंच, आपल्या ग्रॅनाइटच्या ओट्यामागे. वाटप तेलात पडलं. त्या वासाने पुढच्या स्टॉलसमोरची माणसं आमच्याकडे वळली. बघता बघता सात-आठजण खिडकीसमोर रांगेत उभे राहिले.

दादा गर्दीच्या बाजूने सरळ खिडकीशी आला. त्याने डबा केव्हाच आत दिला होता. त्याला भूक लागली होती, आणि भूक लागली की बायकोसमोर जाऊन उभं राहायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘दे गं मला एक प्लेट कोंबडी-वडे,’ तो म्हणाला.

वहिनीने वडा तेलात सोडला. झारा हातात धरूनच तिने वरून त्याच्याकडे बघितलं.

‘लाईन थयसून आसा,’ ती झाऱ्याने रांगेचं शेवटचं टोक दाखवत म्हणाली, आणि पुढच्या माणसाला विचारलं, ‘बोला, काय देऊ?’

बावीस वर्षांत दादाला तिच्या हातचं जेवायला कधी थांबावं लागलं नव्हतं. मला वाटलं, आता चिडणार. पण तो मागे वळला, माणसं मोजत शेवटपर्यंत गेला आणि गेटबाहेरून घेतलेले पॉपकॉर्न खाणाऱ्या एका जोडप्याच्या मागे निमूट उभा राहिला. त्या जोडप्याला सांगतानाही मी ऐकलं त्याला. ‘बायको आहे माझी. वेळ लागेल, पण थांबा.’

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. मी गेले आणि त्याच्या मागे लाइनीत उभी राहिले.